मल्लूअण्णा आणि मंगळवेढ्याची गाडी

आमच्या शेजारच्या मल्लूअण्णांना मुदत संपलेली वस्तू सहन होत नाही. सोलापुरात नवी पेठेत बिस्किटं घ्यायला गेले, तर पुडा उलटा करून तारीख वाचतात आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणतात, "मागं घ्या!" माझ्या भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर त्यांनी मला न विचारता उतरवून नेलं. त्यावर देवीचा फोटो होता हो! तेवढा कापून परत आणून दिला. "देवी ऱ्हाऊ द्या की. तारखा तेवढ्या काढल्या." चिंचोळी एमआयडीसीत माल तपासण्यात यांचा जन्म गेला. निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही.

सध्या ती कॉम्प्युटरवर चालते. बस चालवायचा एक गेम आहे. त्यात लोक हौसेने आपल्या गावचे रस्ते, आपल्याकडच्या गाड्या बनवून घालतात आणि एका साइटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवतात. त्याला मॉड म्हणतात. मूळ गेमची नवी आवृत्ती आली की जुने मॉड बिघडतात. चाकं गायब होतात, ड्रायव्हर टपावर दिसतो. असा मॉड सापडला की अण्णा त्यावर 'कालबाह्य' म्हणून तक्रार ठोकतात. ती थेट बनवणाऱ्याला पोचते. ब्राझीलच्या कुणाला तरी त्यांनी चक्क मराठीत सुनावलं होतं, "ब्रेक लागत नाहीत. लाज वाटू द्या." त्या बिचाऱ्यानं हात जोडल्याचं चित्र धाडलं.

एकदा मी शेजारी बसलो होतो. एकाच मॉडखाली अण्णांच्या तक्रारींची रांग दिसली. सोलापूर–मंगळवेढा, लाल गाडी. 'दार उघडत नाही.' 'आरसा तिरका आहे.' 'कळावे.'

"यानं तुमचं काय घोडं मारलंय?" मी विचारलं.

"आमच्या शिवानं केलाय त्यो," अण्णा म्हणाले.

शिवा त्यांचा एकुलता एक मुलगा. 'हे पोरखेळ सोड, कंपनीत लाग' यावरून दोघांचं वाजलं आणि तो पुण्याला निघून गेला. कॉम्प्युटर तेवढा मागे राहिला.

"फोन उचलत न्हाय. तक्रार तरी वाचत असंल की," अण्णा म्हणाले.

परवा अण्णांनी खिडकीतून हाक मारली, तसा मी त्यांच्याकडे गेलो. शिवानं मॉड दुरुस्त करून टाकला होता. दार उघडत होतं, आरसा सरळ झाला होता. सोबत निरोप मात्र एका शब्दाचाही नव्हता. अण्णांनी गाडी काढली, मंगळवेढ्याला नेली, स्टँडात नीट लावली आणि तोंड पाडून बसले. सगळंच ठीक झालं होतं. आता पोराला लिहायचं काय?

थोड्या वेळानं त्यांनी हॉर्न दाबला. मान वाकडी करून ऐकला. पुन्हा दाबला.

"जरा बारीक वाजतोय, न्हाय?"

हॉर्न असा खणखणीत होता की आमच्या स्वयंपाकघरातून बायको डोकावून गेली.

"लई बारीक, अण्णा," मी म्हणालो. "कळवायलाच पाहिजे."

अण्णांनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं.