पुडिंगाचा वेगकारभारी आणि जेवणाच्या टेबलाचा तह

श्रीकृपेकरून सकळ वाचकांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, ही हकीकत कोणी पुसली नव्हती, लिहिण्याची आज्ञाही कोणी केली नव्हती, परंतु प्रकरण ऐसे थोर की पोटात राहीना, आणि लिहिणारा त्या समयी झुंजीच्या सभागृहात केक खात बसला असल्याकारणे अस्सल साक्षीदार, याजकरिता लेखणी उचलली.

यॉर्कशायर प्रांती ऑल्ड्रॉइड घराण्यात जॅनिसबाई नामे मोठी हिकमती स्त्री. त्यांचा लढवय्या रोबो, नाव पुडिंग. वजन दीडशे ग्रॅम, म्हणजे एक थोरला बटाटा. दोन चाके, पुढे पत्र्याचे फावडे, आणि रिमोटच्या हुकमतीत चालणारा. ऐशा चिमुकल्यांच्या झुंजी त्या मुलखात गावोगावच्या सभागृहांत पारदर्शक पेटीत होतात, पेटीच्या कडेस खंदक असतो, आणि खंदकात पडला तो हरला. पुडिंग आजवर ज्याच्या त्याच्याकडून शिकस्त खात आला, आणि दर शिकस्तीउपरी त्याचे हातपाय घरच्या जेवणाच्या टेबलावर पसरत, आणि मग तारा, स्क्रू, पाने यांची छावणी तेथेच महिनेमहिने पडे.

बाईंच्या यजमानांचे नाव क्लाइव्ह. ऐसे नाव ऐकताच मराठी माणसाने मुलूख सांभाळावा. परंतु हे साहेब गरीब स्वभावाचे, त्यांस हजार तुकड्यांची चित्रकोडी जुळवण्याचा नाद, आणि त्याकरिता एक सपाट टेबल मिळावे इतकीच काय ती मुलूखगिरी. मग उभयतांत बहुत वादविवाद होऊन तह ठरला की, येत्या स्पर्धेत पुडिंगाने एक जरी झुंज जिंकली तरी टेबलाचा अंमल बाईंकडे कायम; न जिंकल्यास सारा सरंजाम परसातल्या लाकडी खोपटात हलवावा. त्या खोपटात हिवाळ्यात बोटे वळत नाहीत. टेबल गेले म्हणजे छंदही गेला, हे बाई जाणत होत्या, तरी त्यांनी तहावर मान डोलावली.

मागील झुंजीत पुडिंगाचे दोन्ही वेगकारभारी धूर होऊन गेले होते. वेगकारभारी म्हणजे बॅटरीचा खजिना आणि चाकांच्या मोटारी यांमधला अंमलदार. रिमोटची आज्ञा येईल तशी वीज तो मोटारीस मोजून देतो. शत्रूशी भिडून चाक जागीच अडले की मोटार वखवखल्यागत वीज मागते, आणि कारभाऱ्यास तेवढे सोसले नाही तर तो जळतो.

मग नवा कारभारी नेमावा म्हणून टेबलावर दरबार भरला. पहिला उमेदवार दांडगा, पाहिजे तितकी वीज सोसेल, परंतु त्यास आत घेता पुडिंग दीडशे ग्रॅमांची मर्यादा ओलांडून वजनात बाद होई. दुसरा हलका, देखणा, खेळण्यातल्या विमानांच्या घराण्यातला. परंतु विमान उलटे जात नाही, सबब माघार त्यास ठाऊकच नव्हती, आणि झुंजीत माघार न येणे हे शौर्य नव्हे, गाढवपणा होय. तिसरा नखाएवढा, पुढेमागे दोन्ही जाणणारा, आणि एकटाच दोन्ही चाकांचा कारभार हाकणारा. त्यास कारभाराची वस्त्रे दिली, सोल्डरने तारा जोडल्या, रिमोटची दांडी मध्यावर असता चाके निश्चल राहावीत याचा बंदोबस्त केला, आणि रिमोट बंद पडताच गडी जागीच थांबतो याचीही परीक्षा घेतली. मग बाईंनी ‘पुढे’ असे फर्मान सोडले, तो एकटे डावे चाक धावले, उजवे स्वस्थ, आणि पुडिंग गोल गोल फिरू लागला. तारांची अदलाबदल केली, तो उजवे धावले आणि डावे स्वस्थ. क्लाइव्हसाहेबांनी हळूच चित्रकोड्याची पेटी आणून खुर्चीवर ठेवली.

स्पर्धेचा दिवस उगवला. पहिल्या झुंजीत पुडिंग शत्रूने स्पर्शही न करता गिरक्या घेत आपणहून खंदकात पडला. दुसरी आणि अखेरची झुंज निगेल स्क्वायर्स याच्याशी, ज्याचा ‘चिमटा’ नामे रोबो प्रांतात मातबर. निगेल बाईंच्या बाकापाशी येऊन म्हणाला, “काय जॅनिस, पुडिंगने भोवऱ्याची शिकवणी लावली वाटतं?”

“जा रे, आधी स्वतःचं बघ,” बाई म्हणाल्या, परंतु आवाजात जोर नव्हता.

इतक्यात क्लाइव्हसाहेब चहा घेऊन आले. “घे गं राणी, गरम आहे तोवर.”

बाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. “शी! चहा आहे का पाक?”

“दोनच चमचे साखर घातली. तुला लागते तेवढीच.”

“अरे, मी कपात आधीच घालून ठेवली होती!”

“मग सांगायचंस तरी!”

“तू विचारलंस का?” ऐसे म्हणता म्हणता बाई थबकल्या. “थांब. दोघांनीही मिसळली...”

मर्म उघड जाहले. जुने कारभारी दोन, ज्याला त्याला एकच चाक ठाऊक. म्हणून ‘पुढे’ आणि ‘वळ’ या आज्ञा मिसळून दोन चाकांचे दोन हुकूम करणे रिमोटकडे होते. नवा कारभारी ते मिश्रण स्वतःच करी, आणि रिमोटही जुन्या सवयीने करीतच होता. दोनदा मिसळता ‘पुढे’ सारे एका चाकाच्या वाट्यास आणि ‘वळ’ सारे दुसऱ्याच्या. बाईंनी रिमोटचे मिश्रण तत्काळ बंद केले, आणि पुडिंग कपबशांमधून सरळ धावत गेला.

“अरे वा! सरळ गेला की!” क्लाइव्हसाहेब ओरडले, आणि मग त्यांस टेबल आठवले.

झुंज लागली. चिमट्याने येताच पुडिंगास धरून भिंतीशी दाबले, चाके अडली, कारभारी तापला, परंतु जळाला नाही. मग पकड किंचित ढिली होताच बाईंनी माघार फर्मावली, पुडिंग सर्रकन मागे निसटला, चिमटा आपल्याच जोराने खंदकाच्या काठी गेला, आणि पुडिंगाने वळसा घेऊन मागून फावडे लावले.

“ढकल! अगं ढकल त्याला!” ही गर्जना कोणाची म्हणून सारे सभागृह वळून पाहू लागले, तो क्लाइव्हसाहेब खुर्चीवर उभे. चिमटा खंदकात गेला. साहेबांनी बाईंस मिठी मारली, घसा बसेतो जयघोष केला, आणि घामाघूम होऊन विचारले, “जॅनिस, पुढच्या वेळी त्याला रंग मी दिला तर चालेल?”

येणेप्रमाणे पुडिंगाची फत्ते जाहली, चिमटा पडला, जेवणाचे टेबल जॅनिसबाईंकडे चारही पायांसह निरंतर कायम जाहले, आणि पराभूत पक्ष स्वखुशीने रंगाचा ब्रश घेऊन त्याच छावणीत चाकरीस रुजू जाहला, हे खरे म्हणून लिहिले.