साहेबांच्या वर कोण?

"मोठ्या माणसाला शिकवायचं तर चुरस लावायची! धडा छोटा, परीक्षा सोपी आणि गुणांची यादी सगळ्यांच्या पडद्यावर! बघ, कचेरी कशी पळत सुटते!"

नीळकंठ महिनाभर बायकोला, कालिंदीला, हेच ऐकवत होता. बालाघाटच्या त्या सरकारी कचेरीत ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं, आणि बाबूलोकांसाठीचा ऑनलाइन कोर्स त्यानं स्वतः रचला होता. भोपाळच्या वरिष्ठांनी मात्र फोनवर बजावलं होतं, कचेरी नापास झाली तर तुमची बदली थेट बैहरच्या जंगलात!

उद्घाटनाला नारळ फुटला, संगणकाला कुंकू लागलं. मानाची पहिली परीक्षा कचेरीचे प्रमुख दुलीचंद साहेबांनी दिली, एकही धडा न उघडता! दहापैकी तीन. पास व्हायला सहा लागत होते, तरी टाळ्या कडाडल्या.

मग बाकीचे बसले. निकाल पाहून नीळकंठचे कान रागानं असे तापले, की चष्म्याच्या दांड्या वितळल्या. खोटं वाटत असेल तर चष्मेवाल्याला विचारा! हेडबाबू हिरालालला दोन, चंपाबाईला एक, शिपाई डोमाजीला भोपळा!

"चंपाबाई, धडे तर तुम्हाला तोंडपाठ होते!"

"हौ. पाठ होते म्हणून तं नेमकं चुकता आलं! हिरालालभाऊले दोन, मंग मले दोन कसे चालतीन?"

"आणि हिरालालभाऊ, तुम्ही?"

"साहेबाले तीन पडले ना बाप्पा! त्याईच्या वर माहं नाव लागलं, तं माही सुट्टी कोण मंजूर करन? तू?"

"माहं तं एक बरोबर आलतं," डोमाजी अभिमानानं म्हणाला. "म्या लगेच बदलवलं. आपली पायरी सोडाची नाई!"

"अरे, परीक्षा आहे ही! लग्नाची पंगत नाही, मानपानानं बसायला!" नीळकंठ असा गरजला, की पार शेजारच्या वारासिवनी गावातल्या राईस मिलवरची कबुतरं उडाली म्हणतात.

पाय आपटत तो साहेबांच्या खोलीत घुसला. "साहेब, धडे वाचून पुन्हा एकदा बसा. तुमचे गुण वाढले की सगळ्यांचे वाढतील!"

"दुबारा काहे को?" साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. यादी छापून, चौकटीत बसवून तिथं टांगलेली! "देखिए, पूरे दफ्तर में अव्वल हूँ!"

दातओठ खात नीळकंठ बाहेर आला, तोच भोपाळचा फोन. "अख्खी कचेरी नापास? तुमचा कोर्सच बोगस दिसतो! उद्या स्वतः परीक्षेला बसा. तुमचे साहेब जातीनं देखरेख करतील. पास झालात तर बदली रद्द."

नीळकंठला हसूच फुटलं. आपलेच प्रश्न, आपलीच उत्तरं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला आणि ट्रंकेत कपडे कोंबू लागला.

"अहो, काय झालं? किती पडले?"

"दोन!"

"दोन? प्रश्न तुम्हीच काढले होते ना?"

"मीच!"

"मग उत्तरं येत नव्हती का?"

"सगळी येत होती! झोपेत विचार, झोपेत सांगतो!"

"मग असं झालं तरी कसं?"

नीळकंठनं ट्रंकेचं झाकण धाडकन आपटलं.

"साहेब मागं उभे होते ना!"