दातांची झोळी

गफूरचाचा खोलीत आलेल्या माणसाला आधी बसा म्हणत नाहीत. डोळे मिटायला लावून त्याला केस चावायला देतात. स्वतःच्या पांढऱ्या दाढीतला. मग विचारतात, "कळला का?"

माझ्या तोंडात त्यांनीच केलेली कवळी. मला केस काय, दोरखंड दिला तरी कळला नसता. तरी मी "कळला" म्हणालो. डोळे उघडले, तर केस अजून चाचांच्या चिमटीतच होता.

"मास्तर, पोरांना काय शिकवलात तुमी?"

दात हाडात खिळ्यासारखा रुतलेला असतो, हे मी तीस वर्षं शिकवलं होतं.

"रुतलेला न्हाय. बारीक दोऱ्यांच्या झोळीत निजलेला असतो. कडक भाकरी आली, की झोळी ताणती आन जबड्याला सांगती, आणखी दाब. मधी खडा आला, की सांगती, बस. तुमच्या कवळीला झोळीच न्हाय की."

खोलीच्या तिन्ही भिंतींवर फळ्या, फळ्यांवर कवळीसाठी घेतलेल्या मापांचे प्लास्टरचे जबडे, पेन्सिलीनं लिहिलेली नावं. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. बाहेर ऊन रणरणत असतं आणि आत हे सगळे पांढरे हसत असतात. चाचा एकेक जोडी उचलून कानाशी कटकट वाजवतात. "हे होटगीचे रेल्वेवाले. उजवीकडनं चावत्यात." चावायचे, असं ते मेलेल्या माणसाबद्दलही म्हणत नाहीत.

एकदा चाचा दुपारच्या नमाजाला गेले आणि मी एकटा उरलो. कोपऱ्यात रुमालावर प्लास्टरचीच एक बिननावाची जोडी होती. माझ्यातला मास्तर जागा झाला. खिशातला शेंगदाणा तिच्यात ठेवून दाबला. दाणा शाबूत राहिला. पुढचा दात टक्कन उडाला. फळ्यांवरच्या एकालाही डोळे नव्हते, पण सगळे माझ्याकडं बघत होते.

परत आल्यावर चाचांनी तो दात तळहातावर घेतला.

"बीवीचा हाय," म्हणाले.

शेवटच्या वर्षात ती कुणालाच ओळखत नव्हती. दात मात्र सगळे तिचे स्वतःचे होते. एकदा भरवताना चाचांचं बोट त्यांत सापडलं. जबडा मिटत आला, कातडीला टेकला आणि थांबला.

"नाव विसरली हुती माझं. दात न्हाय विसरले."

मग त्यांनी त्या जबड्यात तर्जनी ठेवली आणि वरचा भाग माझ्या हातात दिला. "दाबा." त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अजून थोडं. हां. हितं थांबली हुती."

मी थांबलो. आता ते बस म्हणतील म्हणून तसाच धरून राहिलो. ते म्हणेचनात.