मिरजोळे मुक्कामी अष्टमीस आलेल्या भरतीची हकिकत

श्रीगजानन कृपावंत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष शुद्ध अष्टमी, रविवार, ते दिवशी रत्नागिरीनजीक मिरजोळे औद्योगिक वसाहतीत, आंबा कॅनिंगच्या कारखान्याचे माडीवर, वल्हे स्टुडिओ या दौलतीवर जे संकट गुदरले आणि ज्या रीतीने ते निवारले, त्याची साद्यंत हकिकत लिहून ठेवावी ऐशी हुजुरांची आज्ञा जाहली. लिहिणार सेवक हर्षद, हुद्दा समाजसंपर्क, म्हणजे खेळ खेळणारे रयतेस संदेश धाडावे आणि उलट टपाली शिव्या खाव्या. ज्याने लबाडी केली त्यासच बखर लिहावयास बसवू नये, हे आम्हांसही समजते; परंतु दौलतीत भराभर मराठी टंकणारा दुसरा कोणी नाही, सबब इलाज चालला नाही.

प्रथम दौलतीचा विस्तार सांगतो. राजश्री सुजयराव हे धनी. पुण्याची संगणकाची चाकरी सोडून स्वदेशी आले आणि आईसाहेबांनी तीन महिने अबोला धरिला. रितेशपंत हे खेळाचा कोड लिहिणार. बोलणे कमी, चहा फार. शमिकाबाई चित्रे काढणार, आणि चौथा हा पामर. खुर्च्या पाच, पैकी एकीस पाठ नाही. ती पाहुण्यांकरिता राखीव. या चौघांनी मिळून 'खाडीपार' नामे खेळ सिद्ध केला. खेळणाराने होडी घेऊन खाडीत शिरावे, जाळे टाकावे, गाळ चुकवावा आणि दिवस बुडायच्या आत धक्क्यास लागावे. त्यात तोफ नाही, तलवार नाही, कोणी मरत नाही. परंतु एक करामत ऐशी की खेळातील पाणी खऱ्या पाण्याबरोबर चढे आणि उतरे. बंदरात ओहोटी लागली की खेळातही होडी गाळात बसे, आणि मग खेळणाराने पाणी येईतो मुकाट वाट पाहावी. जगात ऐसा खेळ दुसरा असेलसे वाटत नाही, कारण ऐसा ताप दुसरा कोण सोसील? तरी सोसणारी अकराशे रयत आम्हांस लाभली, आणि तीच आमची कुल मिळकत.

या रयतेस आम्ही वचन दिले होते की गुहागरचा किनारा खेळात आणू. वचन दिले त्यास सोळा महिने लोटले. रयतेने पुसावे, किनारा कधी, आणि आम्ही लिहावे, दोन आठवड्यांत. ऐसे आम्ही किती वेळा लिहिले याची गणती रयतेपाशी आहे, आम्हांपाशी नाही. अखेर ऐन दिवाळीत, हातात चकली असता, पुन्हा तोच सवाल आला, आणि फराळ सुखाने व्हावा एवढ्याच मतलबाने आम्ही लिहून धाडिले की किनारा तयार आहे, फक्त शेवटचा हात फिरवणे बाकी. हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. रितेशपंतांनी ते फोनवर वाचिले आणि आमचेकडे नुसते पाहिले.

खरी हकिकत ऐशी की किनारा तयार नव्हता. चित्रे उत्तम होती. सुरूची झाडे, माड, वाळूची पुळण, सारे जागचे जागी. परंतु होडी गुहागरच्या पुळणीस लागली रे लागली की वर उठे, आणि माडांच्या शेंड्यांवरून आकाशी जाऊन तेथेच लटके. रितेशपंत तीन महिने तिजशी झुंजत होते. कारण सापडेना आणि होडी उतरेना.

इकडे रयतेत बोभाटा उठला की स्टुडिओ केव्हाच बंद पडला, मिरजोळ्यास नुसती पाटी आहे, उत्तरे देतो तोही माणूस नसून यंत्र आहे. शेवटले वाचून आमच्या मनास फार लागले. मग रयतेची म्होरकी आरोहीबाई, राहणार हेदवी, बँकेत कामास, इजकडून खलिता आला की आम्ही सतराजण येत्या अष्टमीस, रविवारी जातीने येतो. भांडावयास येत नाही, डोळ्यांनी पाहावयास येतो. जेवणाचा घाट घालू नये, वडे चालतील. आणि सोबत येसूबाई येतील.

येसूबाई कोण, तेही लिहितो. राहणार गुहागर, वय बासष्ट, घरची होडी, आणि खेळात आमचे अकराशे रयतेत पहिला नंबर. मुलगा लवू मालवाहू बोटीवर खलाशी. जेथे बोटीस इंटरनेट लागे तेथून तो खेळात शिरे, आणि इकडून आई शिरे, आणि मग दोघे दोन होड्या घेऊन एका खाडीत शेजारी शेजारी जाळी टाकीत. फोनवर काय बोलावे हे दोघांसही सुचत नसे, सबब हेच त्यांचे बोलणे. लवू सुटीवर घरी होता आणि संक्रांत होताच नऊ महिन्यांकरिता पुन्हा बोट धरणार होता. आमची दिवाळीची थाप वाचून त्याने आईस सांगितले होते की या खेपेस बोट धरिल्या दिवसापासून आपण खेळात आपल्याच पुळणीवर भेटू. येसूबाईंनी हे सारे आम्हांस कळविले होते आणि वचन खरे काय, एवढेच पुसले होते. आम्ही त्यावर अंगठ्याचे चित्र धाडिले. सर्व ठाऊक असून धाडिले, हे येथे नमूद करितो.

खलिता येताच दरबार भरला. शमिकाबाईंनी साफ सांगितले की खरे सांगून मोकळे व्हा. ही मसलत सर्वांस नापसंत पडली, कारण तीत मेहनत नव्हती. मग या पामराने मनसुबा काढिला. अमावास्येचे दिवशी दुपारी, कोण जाणे कशाने, होडी एकवार न उडता पुळणीस नीट लागली होती, आणि रितेशपंतांनी आनंदाने त्याचे चलच्चित्र करून ठेविले होते. तेच मोठे पडद्यावर लावावे, रितेशपंतांनी कंट्रोलर हाती धरून खेळत असल्याचा आव आणावा, आणि रयतेस दिपवून वडे खाऊ घालून वाटेस लावावे. सुजयरावांनी डोळे मिटून मान हलविली. रितेशपंतांनी दोन दिवस अंगठे हलविण्याची तालीम केली, आणि खेळातील खोडी लिहिलेला फळा भिंतीकडे तोंड करून उभा केला. आम्ही या मनसुब्यावर इतके खूश की आरशात पाहून मिशीस हात लाविला, मिशी नाही.

अष्टमीचा दिवस उजाडला. रयत तवसाळास फेरीबोटीत बसून जयगडास उतरली, आणि अकराचे सुमारास मिनीबस कारखान्याचे फाटकात दाखल जाहली. आम्ही गच्चीवरून टेहळणी करीत होतो. शत्रू येतो ऐशा तयारीत असता उतरले ते पाहुणे. कोणाचे हाती शहाळी, कोणाचे हाती पोह्याचे पापड, आणि येसूबाईंचे हाती नारळाच्या वड्यांचा डबा. तो डबा आमचे हाती देऊन त्यांनी पुसिले, "तूच काय रे हर्षद?" आम्ही होय म्हणता त्यांनी आमचा दंड चाचपून पाहिला आणि मागे वळून सांगितले, "माणूसच हाय गो." सर्वत्र समाधान पसरले.

मग स्टुडिओची पाहणी जाहली. रयतेने खुर्च्या मोजिल्या, माउस हाताळिला, शमिकाबाईंचे चित्रांपुढे उभे राहून आपापली घरे शोधिली. बाराचे ठोक्यास सर्वांस पडद्यापुढे बसविले आणि रितेशपंत कंट्रोलर घेऊन अग्रभागी बसले. पडद्यावर पाणी काठोकाठ भरलेले, होडी झोकात निघाली, सुरूचे बन दिसू लागले, आणि रयतेने टाळ्यांचा गजर केला. कोणी गुहागरकर ओरडला की ती आमची गल्ली. सुजयरावांचे मुखावर तेज आले. मनसुबा फत्ते जाहला ऐसे समजून आम्ही तळलेल्या वड्यांची परात उचलावयास उठलो.

इतक्यात आमचे ध्यानात आले की येसूबाई टाळ्या वाजवीत नाहीत. त्या बोटांवर काही मोजीत होत्या. मग त्यांनी पुसिले, "आज तिथ कोणची?"

सुजयराव अदबीने वदले, "अष्टमी, मावशी."

"आठाची पाऊणपट किती?"

आरोहीबाईंनी सांगितले, "सहा."

"म्हंजे सहाला भरती नि बाराला सुकती. आता बारा वाजल्यात. भायेर पाणी उतरलेलं, नि तुमच्या पडद्यावर खाडी काठोकाठ कशी?" येसूबाईंचा आवाज चढला नव्हता. "ह्ये पाणी आजचं नाय. ह्ये अवसेचं."

ज्या करामतीचा आम्ही चार मुलखांत डंका पिटला, तीच आमचे गळ्याशी आली. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढावी हे किनाऱ्यावर शाळेत न गेलेलेही जाणतात. आम्ही चौघे तेच गणित संगणकास शिकवून स्वतः विसरलो. रितेशपंतांचे हातून कंट्रोलर खाली पडला, आणि होडी तरीही पडद्यावर झोकात चाललीच होती. ती आपली आपण पुळणीस लागली.

आरोहीबाईंनी एवढेच म्हटले की पाच तास वाट तुडवून आम्ही व्हिडिओ बघायला आलो. त्या क्षणी आमचे जिभेवर तीन थापा तयार होत्या. पैकी संगणकाचे घड्याळ चुकले ही बरीच चांगली होती आणि टिकलीही असती. परंतु येसूबाईंनी आमचेकडे पाहून पुसिले, "मंग माज्या लवूला मी काय सांगू?" आणि आम्हांस फार लाज वाटली. लाज म्हणजे काय हे सोळा महिन्यांत प्रथमच नीट समजले. आम्ही परात खाली ठेविली आणि सांगितले, "मावशी, किनारा झालेला नाही. मी दिवाळीत खोटं लिहिलं. ह्यांनी कोणी सांगितलं नव्हतं, मीच लिहिलं."

मग सुजयराव उठले आणि त्यांनी फर्मान सोडिले की फळा सुलटा करावा आणि खरा खेळ लावावा. रितेशपंतांनी खरा खेळ लाविला. आता खाडीत ओहोटी, म्हणून होडी गाळातून रखडत, थांबत, खरवडत निघाली. पुळण येईतो चाळीस मिनिटे गेली आणि तेवढ्यात रयतेने वडे संपविले. होडी पुळणीस टेकली, क्षणभर विचारात पडली, आणि माडांवरून आकाशी गेली.

प्रथम कोणी हसेना. मग येसूबाई हसल्या. पदर तोंडास लावून, डोळ्यांस पाणी येईतो हसल्या, आणि म्हणाल्या, "परत कर बघू." रितेशपंतांनी परत केली आणि होडी परत उडाली, आणि सतराच्या सतरा लोळायचे बाकी राहिले. तीन महिने ज्या होडीने रितेशपंतांची झोप उडविली, तीवर लोक हसताहेत हे पाहून तेही हसू लागले. त्यांचे दात आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले.

हसणे ओसरल्यावर येसूबाईंनी पुसिले की मग अवसेला का नाही उडाली. मग आपणच हिशेब मांडिला. त्या म्हणाल्या, "अवसेला बाराला उधाणाचं पाणी भरलेलं, म्हणून तरली. सुक्याला तळ लागतो नि उडते. तुमची पुळण उंच झाली काय बघा." रितेशपंतांचा चेहरा पालटला. त्यांनी यंत्र ओढून घेतले, आणि पुढला अर्धा तास ते कोणाचे नव्हते. मग हळूच कबूल केले की पुळणीची जमीन हवी त्याहून वर बसली आहे, उधाणाचे पाणी नसले की होडी जमिनीत रुतते आणि खेळ तिला बाहेर फेकतो. कारण समजले, परंतु जमीन खाली घेतली तर माड, घरे, देऊळ सर्वच हलेल, आणि ते काम मोठे आहे. इकडे रयत फळ्यावरील खोडी वाचीत होती आणि आपल्याकडील खोडी खाली लिहीत होती, आणि अक्षर कोणाचे चांगले यावरून दोघांत थोडी चकमकही उडाली.

तिसरे प्रहरी निघण्याची वेळ जाहली. मिनीबस सुरू होती. येसूबाई पायरीवर पाय ठेवून थांबल्या आणि आम्हांस पुसिले, "संक्रांतीपत्तोर होईल?"

सर्वांनी आमचेकडे पाहिले. तोंडात जुना जबाब आपोआप येऊ लागला होता. तो आम्ही दातांखाली दाबून धरिला. "नाही होणार, मावशी," आम्ही म्हटले. "कधी होईल तेपण माहीत नाही. लवू बोटीवर गेल्यावर होईल, एवढंच वाटतं."

येसूबाईंनी पायरीवरचा पाय खाली घेतला. मग कनवटीचा फोन काढिला, तोंडाशी धरिला, आणि आम्हां सर्वांदेखत घरी लवूस बोलका निरोप धाडिला. तो शब्दशः नमूद करितो. "लवू, किनारा झाला नाय. तू जाशील तेव्हा नसंल. पण माणसं बसल्यात कामाला, मी बघून निघाल्ये. झाला की हा पोरगा सांगंल, तो सांगंल तेव्हा खरं धर." मग फोन ठेवून त्या आत जाऊन बसल्या, आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

येणेप्रमाणे मिरजोळे मुक्कामी दौलतीची फत्ते जाहली. किनारा हाती आला नाही, होडी आजमितीस उडत आहे, आणि एक आई व एक मुलगा यांची ठरल्या वेळची भेट आमचे थापेने चुकली, हीही नोंद फत्तेचे शेजारीच असावी. परंतु तो सांगेल तेव्हा खरे धर, हा हुकूम या पामराचे नावे सुटला आहे. ऐसा किताब आम्हांस पूर्वी कोणी दिला नव्हता, आणि तो पेलेल की नाही याची धास्ती वाटते. मजकूर धन्यांनी वाचिला, शमिकाबाईंनी दोन ठिकाणी फुगवटा कमी केला, आणि मग दफ्तरी दाखल केला.