हॉलभर चालणारे बाबा

"वीस मजल्यांची लिफ्ट मी डोळे मिटून दुरुस्त करतो, ही एक वायर म्हणजे काय!" लिफ्टवाल्या काकांनी छाती फुगवून काकूंना सांगितलं. "चारच्या ठोक्याला तुझे बाबा हॉलभर चालतील!"

काकूंचे बाबा जाऊन बावीस वर्षं झाली होती. घरात फोटो होते, पण फोटो काही चालत नाहीत. भावाच्या कपाटात समुद्रकिनारी चालणाऱ्या बाबांची आठ मिनिटांची जुनी फिल्म सापडली, तेव्हापासून काकूंना दुसरं काही सुचत नव्हतं. काकांनी ती कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली आणि तो सुरू होताच फिल्म आपोआप, पुन्हा पुन्हा लागेल अशी सोयही केली. पंख्याची घरघर नको म्हणून कॉम्प्युटर ठेवला अडगळीच्या खोलीत. भिंतीतून तिथे येणाऱ्या प्रत्येक वायरीवर काकांच्या सुबक अक्षरातली पांढरी पट्टी! त्यांनी 'टीव्ही' लिहिलेली एचडीएमआय केबल खोचली आणि खटका दाबला.

चार वाजले. पडदे ओढलेला हॉल निळा झाला. भल्यामोठ्या टीव्हीवर 'सिग्नल नाही' ही अक्षरं माशासारखी सावकाश या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पोहू लागली. दोघंही बराच वेळ ती बघत बसले.

"यात बाबा नाहीत हो," काकू म्हणाल्या.

"दोन मिनिटं!"

वीस मिनिटांनी काकू उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. काकांना फार वाईट वाटलं. ते अडगळीत गेले आणि त्यांनी केबल उपसली.

"अहो, बाबा गेले!" आतून काकूंची हाक आली.

"बावीस वर्षं झाली गं त्याला," काका पुटपुटले. झोपेत बोलतेय बिचारी! त्यांनी केबल फुंकून परत खोचली.

"आले, आले! चालतायत!"

आपण दाखवू शकलो नाही म्हणून ही स्वप्नात बघतेय! आता माघार नाही. काकांनी हॉलमधल्या टीव्हीच्या तिन्ही खाचा बदलून पाहिल्या, रिमोटला चापट्या मारल्या, शेवटी कॉम्प्युटरच बंद केला.

"पुन्हा गेले! अहो, हात लावू नका ना!"

स्वप्नातही ही मलाच ओरडते, काका चकित होऊन म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि त्याच्यामागे डोकं घातलं. तिथे धुळीत आणखी एक केबल पडली होती. तिच्यावरही तेच सुबक अक्षर: 'टीव्ही'.

काकांनी कपाळाला हात लावला. पहिली काढून दुसरी खोचली आणि हॉलमध्ये धावले. भिंतीएवढे बाबा वाळूतून चालत होते!

"अगं, ये लवकर!" म्हणत ते आतल्या खोलीत शिरले. तिथे भिंतीवर त्यांनीच बसवलेला छोटा टीव्ही होता, सिग्नल मिळाला की आपला आपण सुरू होणारा. तो नुकताच काळा झाला होता. समोर काकू मांडी घालून बसल्या होत्या, डोळे ओले.

"कुठे नेलंत बाबांना? आता हात हलवणार होते!"

"तू... जागी होतीस?"

"चार वेळा बघितली! इतकं छान लावून दिलंत, मग तासभर बाहेर काय करत होतात?"

"टेस्टिंग!" काका म्हणाले.

"बरं, आता परत आणा."

"हॉलमध्ये चल की! तिथे भिंतीएवढे दिसतात."

"नकोत. माझे बाबा बुटके होते."

काका निमूट अडगळीत गेले. केबल बदलली, जुनी पट्टी सोलली आणि नव्या पट्टीवर सुबक अक्षरात लिहिलं, 'बाबा'. हॉलमध्ये पुन्हा निळा मासा पोहू लागला.

"आले!" काकूंनी हाक मारली. "या, बसा इथे. आणि हात मांडीवर ठेवा!"