तोमिएकाकूंचा मुळा

"आज परत मुळा!" पडद्यामागून आमचे वकीलसाहेब कुरामोची पुटपुटले. मी मुद्दाम मोठ्याने खोकले, कारण डबा घेऊन आलेल्या तोमिएकाकू माझ्या समोरच बसल्या होत्या!

"कसा झालाय?" काकूंनी विचारलं.

"झकास!" आम्ही दोघं एका सुरात. कुणी हाताने करून आणलेल्याला नावं ठेवायची, हे आमच्या गावात आजवर घडलेलं नाही.

काकूंचा धाकटा भाऊ इसाकु, वय वर्षं अडुसष्ट, दुकानातून बटाट्याचे तळलेले कोरोक्के उचलताना तिसऱ्यांदा पकडला गेला होता. आता तुरुंगच! पण मला कसली चिंता? पदवी नसली म्हणून काय झालं, बावीस वर्षं या कचेरीत कागद लावतेय. अशा खटल्यात तीन गोष्टी लागतात. दुकानदाराची माफी, आरोपीचं पश्चात्तापाचं पत्र आणि 'मी याच्यावर लक्ष ठेवीन' असं कोर्टात सांगणारं घरचं माणूस. पहिल्या दोन मी मिळवल्या. तिसरीसाठी काकूंना आठवडाभर पढवलं.

"थोडक्यात बोला, कमरेतून वाका, आणि तीन वेळा घरचं जेवू घालते, हे ठासून सांगा!"

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर साहेब कानाशी म्हणाले, "सेकीबाई, काकूंना जेवणाचं काढू देऊ नका हं. इसाकु त्या मुळ्यापायीच चोरी करतो. म्हणतो, तुरुंगात जाईन, पण ताईला कळता कामा नये. आईमागे तिनेच वाढवलंय त्याला."

मी तशीच काकूंना गाठायला धावले, तर त्या व्हरांड्यात एका उपाशी दिसणाऱ्या गृहस्थाला डबा भरवत होत्या. ते निघाले सरकारी वकील हिराबे! काकू कोण, त्यांना ठाऊक नव्हतं. बिचाऱ्यांनी पाणावल्या डोळ्यांनी डबा संपवला, "झकास" म्हणाले, आणि तेवढ्यात आत पुकारा झाला.

काकू वाकल्या त्या अशा, की कपाळ मेजावर ठक्कन आपटलं! "साहेब, तीन वेळा जेवू घालते!"

"मग इसाकुसान, चोरी का केलीत?" न्यायाधीशांनी विचारलं.

इसाकुने ताईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"कारणच कळलं नाही, तर सोडू कसा?"

साहेबांनी फायलीत तोंड खुपसलं. मी छतावरचे दिवे मोजू लागले.

"म्हणजे मी उपाशी ठेवते की काय त्याला?" काकू तापल्या. "या सरकारी साहेबांना विचारा! आत्ताच माझा डबा चाटूनपुसून खाल्लाय!"

अख्खं कोर्ट हिराबेंकडे वळलं. त्यांचा चेहरा सोललेल्या मुळ्यासारखा पांढराफटक! ते उठले आणि वाकले, काकूंपेक्षाही खोल.

"न्यायाधीशसाहेब, तुरुंगाची मागणी मी मागे घेतो. मलाही आत्ता कोरोक्केच दिसतायत डोळ्यांपुढे. माफ करा काकू, पण तुमचा मुळा घशाखाली उतरत नाही हो!"