बाभळीचा ताठा

एका जंगलात, बाळांनो, ठोकोबा नावाचा सुतारपक्षी राहत होता. तो सुतारकी करायचा. हसू नका, ज्याचं काम त्यानेच करावं असा तिथे जुना प्रघात होता.

वनराज सिंहाला नवं सिंहासन हवं होतं. ठोकोबाने बाभूळ निवडली. भारी चिवट लाकूड! गाडीचं चाक तिचं, नांगर तिचा, तेलाचा घाणाही तिचाच. कीड लागू नये म्हणून ठोकोबाने ओंडके वर्षभर तळ्यात मुरवले. मग सिंहासन घडवता घडवता बिचाऱ्याची चोच बोथट झाली.

वनराज बसले. सिंहासन हूं की चूं करीना.

"हे दबत कसं नाही?" वनराज गुरगुरले.

"कठीण लाकूड आहे सरकार. तुमच्या नातवंडांनाही पुरेल."

"म्हणजे राजापुढे ताठ राहतं?" प्रधान कोल्होबा किंचाळला. "शिवाय महाराजांच्या माघारीचंही हा आजच ठरवतो!"

झालं. ठोकोबा तुरुंगात. सकाळी त्याची मान मुरगळायची, असा हुकूम सुटला.

कोल्होबाने पांगाऱ्याचं सिंहासन आणवलं. पांगारा मऊ, हलका. त्याची खेळणी फार छान होतात. वर सोनेरी रंग फासला. वनराज टेकले मात्र, सिंहासनाचे चारही पाय मोडले आणि स्वारी धुळीत!

"पाहिलंत?" कोल्होबा ओरडला. "खऱ्या राजापुढे लाकूडसुद्धा साष्टांग पडतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वनराज धुळीतच खूश झाले. त्यांनी फर्मान काढलं, ज्याच्यापुढे लाकूड साष्टांग पडेल तोच राजा, आणि यापुढे राज्यात सगळं पांगाऱ्याचं. संध्याकाळपर्यंत तुरुंगाचं दारही बदललं.

आत ठोकोबा भीतीने गारठला होता. मरण्याआधी एकदा लाकूड ठोकून बघावं, असं त्याला फार वाटलं. त्याने दारावर हळूच चोच मारली. दार धाडकन आडवं!

पहारेकरी लांडगा पांढराफटक पडला. "आईशप्पत! लाकूड यालाही साष्टांग पडलं! म्हणजे राजा हाच की!" आणि तोही आडवा झाला.

वनराजांनी खूप आदळआपट केली. पण मोडलं ते दार होतं, फर्मान थोडंच मोडता येतं? निमूट शेजारच्या जंगलात निघून गेले. कोल्होबा तर लांडग्याच्याही आधी आडवा झाल्याचं सगळ्यांना सांगू लागला.

"महाराज, आपलं सिंहासन बाभळीचंच करायचं ना?" त्याने अदबीने विचारलं.

ठोकोबाने आपली मान चाचपून पाहिली. जागेवर होती.

"छे, छे! पांगाऱ्याचंच करा," तो म्हणाला. "बाभूळ फार ताठ असते."

तात्पर्य: बैलगाडीला बाभूळच लावावी, कारण तिला ओझं घेऊन कुठेतरी पोचायचं असतं. राज्याला पांगारा चालतो.